कोटखारची वेस

माझे बाबा, कमळाकर, सव्वीस वर्षं न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवत होते. दहा-बारा मजले उंचीवर काचेच्या तळाची केबिन, पायांखाली जहाज, हातात दोन दांडे. कंटेनर उचलायचा, ट्रेलरवर ठेवायचा, पुन्हा दुसरा उचलायचा. मध्येच काम थांबलं की ते मान वर करून आजूबाजूला बघायचे. एकीकडे उरणचा द्रोणागिरी, दुसरीकडे लांबवर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, त्याच्याही मागे प्रबळगड आणि माणिकगड. रोज दिसणाऱ्या या डोंगरांपैकी एकावरही त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता.

मागच्या ऑक्टोबरात ते निवृत्त झाले. गव्हाणच्या घरी पंधरा दिवस पेपर वाचण्यात गेले. सोळाव्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"किशोरी, रविवारी गाडी काढतेस का? कर्नाल्याला जाऊ."

"पक्षी बघायला?"

"किल्ला बघायला."

मी नवीन पनवेलला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने येत नाही, त्यामुळे रविवार माझाच असतो. आईला, म्हणजे भामाला, डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं होतं आणि ती काही केल्या चालत नव्हती. म्हटलं, या निमित्ताने चालेल.

कर्नाळा अभयारण्याच्या फाटकावर तिकिटं काढली, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून दाखवल्या आणि चढायला लागलो. बाबा पुढे, मी मध्ये. आई मागून दर दहा मिनिटांनी एखाद्या दगडावर बसत होती. पहिल्या दरवाजाशी पोचायला आम्हाला अडीच तास लागले. बाबा दरवाजासमोर उभे राहिले, मग खाली उतरून परत आले, मग बाजूच्या तटाला हात लावून त्यांनी एक फेरी मारली. जन्मभर जड वस्तू नेमक्या जागी ठेवणारा माणूस, त्यांना त्या दगडांची रचना लगेच कळली.

"बग, चुना कमी हाय," ते मला म्हणाले. "दगड दगडाला धरून हाय. आनि वाट कशी घेतलीय बग. दारात उभा राहीपर्यंत बाहेरच्याला आतलं काय पन दिसत नाय."

आई मागून आली, पदराने घाम पुसला आणि सहज बोलून गेली, "त्यात काय. आमच्या कोटखारची वेसपन अशीच हाय."

बाबांनी तटावरचा हात काढला. वळून वर चालायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले.

कोटखार म्हणजे आईचं माहेर. पेणच्या पुढे, खाडीच्या काठाला, खारजमिनीच्या मधोमध उंचवट्यावर वसलेलं चाळीस-पन्नास घरांचं गाव. त्याला जुनं दगडी गावकूस आहे. बहुतेक ठिकाणी ते कमरेएवढंच उरलंय, काही ठिकाणी लोकांनी त्याला टेकून गोठे बांधलेत. आत जायला एकच वेस, तिच्या दोन्ही बाजूंना दोन बुरूज. कोणी म्हणतं फिरंग्यांच्या वेळचं, कोणी म्हणतं त्याच्याही आधीचं. लहानपणी सुट्टीत गेले की आम्ही मुलं त्या बुरुजांवर चढून बसायचो. आम्हाला तो किल्लाबिल्ला कधी वाटलाच नाही.

बाबा अकरा वर्षं त्या गावात गेले नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या मामाच्या मुलीचं, अंकिताचं लग्न होतं. बाबांनी तेव्हा नुकतीच मोठी पांढरी गाडी घेतली होती. कोटखारला गाड्या बांधाच्या टोकाला ठेवून सगळे वेशीतून पायी आत जायचे, कारण वेस होती जेमतेम सात फूट. बाबांनी गाडी थेट वेशीच्या तोंडाशी नेली. तिथे माझे आजोबा, काशीराम, सगळ्या घराचे आबा, पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते, शेजारी भगवान मामा. बाबांनी काच खाली केली आणि आजोबांकडे बघत सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामानू, ही दगडं कवा पाडताव? सांगा, बंदरावरनं मशीन आनतो. अर्ध्या तासान साफ!"

ते गमतीने म्हणाले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्याच वर्षी गावात रस्ता रुंद करायचा वाद पेटला होता. वेस पाडू नये म्हणून मामा एकटा पंचायतीशी भांडत होता. त्याच्यावर गावकरी हसत होते. त्यात घरचा जावई दारात येऊन हे बोलला.

मामा गाडीजवळ आला. "भावजी, या वेशीतनं पावना पायानी येतो. नसंल जमत तर हितनंच परत फिरा."

आजोबा "भगवान, अरे..." एवढंच म्हणाले. मग बाबांनी काच वर केली. आई आपली बॅग घेऊन खाली उतरली आणि वेशीतून आत निघून गेली. मीही उतरले. बाबांना गाडी वळवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं, मध्ये अरुंद बांध. सगळं वऱ्हाड बघत असताना त्यांना जवळजवळ अर्धा किलोमीटर गाडी मागे मागे न्यावी लागली.

त्यानंतर आई माहेरी एकटी जायची. सात वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा बाबा गेले, पण गावात नाही. पलीकडच्या बांधावरून ते सरळ खाडीकाठच्या स्मशानात पोचले, लाकडं रचायला हात लावला आणि तसेच मागे फिरले. मामा आणि ते चितेच्या दोन बाजूंना उभे होते.

आता हेच बाबा रविवारी सकाळी सहाला तयार होऊन बसायला लागले. त्यांनी एक चित्रकलेची वही आणली. त्यात दरवाजांची चित्रं काढायची, बुरुजाचे थर मोजून लिहायचे. हात चांगला होता त्यांचा, मला कधी माहीतच नव्हतं. द्रोणागिरीवर गेलो तेव्हा वरून बंदर दिसलं. क्रेनची ओळ ओळखून त्यांनी आपली क्रेन दाखवली. "दुसरा कोनतरी बसलाय," म्हणाले, आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग पडक्या भिंती बघायला गेले. पनवेलच्या वाचनालयातून त्यांनी पुस्तकंही आणली होती. हा सगळा भाग कधीकाळी सरहद्दीचा होता, गुजरातचा सुलतान, अहमदनगरचा निजामशहा आणि वसईचे पोर्तुगीज या तिघांची इथे ओढाताण चालायची, हे त्यांनी मला गाडीत तीनदा तरी सांगितलं असेल.

जानेवारीत आम्ही सांकशीला गेलो. पेणच्या अलीकडे, पायथ्याला दर्गा, वर सगळं पाण्याच्या टाक्यांचं जाळं. गड लहान आहे, पण वाटेत एका ठिकाणी कातळातल्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. मला वाटलं आई खालीच थांबेल. पण त्या दिवशी ती थांबली नाही. बसत, हाताने धरत, मला शिव्या देत ती माथ्यावर आली.

माथ्यावर वारा होता. टाक्यात आभाळ दिसत होतं. आईने दक्षिणेकडे हात केला. "ती खाडीची चमक दिसते ना, त्याच्या अलीकडं हिरवा ठिपका. चिंचा हायेत आमच्या. कोटखार."

बाबांनी हाताची सावली करून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग वही उघडून त्यांनी कर्नाळा कुठे, माणिकगड कुठे, खाडी कुठे असा एक नकाशा काढला. पेन्सिल त्या हिरव्या ठिपक्याच्या जागी येऊन थांबली.

"हितं चौकीच असनार," ते म्हणाले. "खाडीतनं कोन आत शिरतंय ते बघायला. म्हनून एवड्याशा गावाला कूस. आनि मी..." ते थांबले. मग आईकडे न बघता विचारलं, "वेस हाय ना अजून तशीच?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं झाकण लावायला लागले.

कारण वेस तशी नव्हती, आणि ते आम्हा दोघींना सात वर्षांहून अधिक काळ माहीत होतं. आजोबा जाण्याच्या आठ महिने आधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. पेणहून ॲम्ब्युलन्स आली ती वेशीबाहेरच अडकली. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोनशे पावलं उचलून नेलं. त्या वेळी ते वाचले. महिन्याभराने घरी आले. त्याच आठवड्यात मामाने स्वतः जेसीबी आणून डावा बुरूज आणि अर्धी कमान पाडली. ज्याने पंचायतीला दगडाला हात लावू दिला नव्हता, त्यानेच. पुढे आजोबा झोपेतच गेले, आणि ॲम्ब्युलन्सला पुन्हा यावंच लागलं नाही.

हे बाबांना सांगायचं नाही, असं आईने मला त्याच वेळी बजावलं होतं.

"तुमीच चला आनि बघा," आई बाबांना म्हणाली. "मी आता तिकडंच जानार हाय. भगवानच्या गोदूला सांगितलंय, जेवायला येते म्हनून. किशोरी मला सोडंल. तुमाला नसंल यायचं तर पेनला उतरा, एसटी मिलंल."

म्हणजे ती ठरवूनच चढली होती. बाबा वही मिटून आमच्या पुढे गड उतरायला लागले. पण पेणच्या स्टँडवर मी गाडी हळू केली तेव्हा ते उतरले नाहीत.

बांधावरून गाडी जाताना दोन्ही बाजूंच्या कापलेल्या खाचरांत वाल लावले होते. शेवटच्या वळणावर चिंचा आल्या, मग कूस, मग वेस. मी गाडी जुन्या जागीच थांबवली. उजवा बुरूज उभा होता, त्याला कमानीचा एक तुकडा चिकटलेला, अर्ध्यावर तुटलेला. डावीकडे नुसती मोकळी जागा होती आणि तिच्यातून सिमेंटचा रस्ता आत गेला होता. एक मुलगी त्यावरून सायकल चालवत बाहेर आली आणि आमच्या बाजूने निघून गेली.

बाबा समोर बघत होते.

"दुसरा बुरूज?"

"पाडला," आई म्हणाली.

"कोनी? पंचायतीनी?"

"भगवाननी."

मग तिने सगळं सांगितलं, न थांबता, जणू काही कोणाला दुधाचा भाव सांगतेय. खुर्ची, दोनशे पावलं, जेसीबी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुमी म्हनाला असता, बग, मी आधीच बोललो होतो."

बाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"म्हनालो असतो," ते म्हणाले.

आईने दार उघडलं आणि आपली पिशवी घेऊन ती आत गेली. मी गाडीतच थांबले. मला वाटलं, आता ते म्हणतील, चल पनवेलला. पण पाचएक मिनिटांनी ते उतरले. सरळ उजव्या बुरुजापाशी गेले. कर्नाळ्याला लावला तसा हात लावला. मग मागे सरून थर मोजायला लागले, ओठ हलवत. वही काढली, समोरच्या बांधावर बसले आणि चित्र काढायला घेतलं. मी दुरून बघत होते. ते उभा असलेला बुरूज काढत होते, आणि शेजारी तुटक रेघांनी न दिसणारा.

मामा आला तो मळ्यातून, हातात वालाच्या शेंगांनी भरलेली टोपली. आईने त्याला आतून निरोप धाडला होता का तो आपणहूनच आला, मला माहीत नाही. बाबा दिसल्यावर तो थबकला. मग टोपली खाली ठेवून त्यांच्या मागे उभा राहिला आणि वहीत बघायला लागला.

"कमान एवडी उंच नव्हती," तो थोड्या वेळाने म्हणाला.

बाबांनी मान वळवली. दोघेही म्हातारे झाले होते. मामाचे पुढचे दोन दात गेले होते, बाबांचे केस.

"किती होती?"

"माझा हात पुरायचा. कमानीच्या मधला चावीचा दगड तेवडा वर होता." मामाने हात उंच करून दाखवला.

बाबांनी खोडलं आणि पुन्हा काढलं. "आनि दाराला कडी होती का अडसर?"

"अडसर. भोक हाय ना, उजव्या बुरुजात. सहा हात खोल. आमी लहानपनी त्यात विट्या-दांडू लपवायचो."

"दिसत नाय मला."

"हितनं नाय दिसायचं. आतल्या अंगाला हाय." मामा थांबला. "आत यावं लागंल."

बाबा उठले. पँटची माती झटकली. मामा म्हणाला, "गाडी घ्या की आत, आता येते."

"राहू दे. किशोरी आनंल मागनं."

आणि ते दोघे सिमेंटच्या रस्त्यावरून न जाता बुरुजाच्या अंगाने, उरलेल्या अर्ध्या कमानीखालून आत गेले. मी गाडीला कुलूप लावून त्यांच्या मागे पळाले.

भोक होतं. बाबांनी हात खांद्यापर्यंत आत घातला. आत गार आहे म्हणाले. हात तसाच आत ठेवून, भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "भगवान, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"सगल्या गावाला पाठ हाय ते," मामा म्हणाला. "माझं पन पाठ हाय त्यांना."

"आबांना बोलायचं होतं मला. राहून गेलं."

मामाने जमिनीकडे बघितलं. "जेसीबी आला त्या दिवशी आबा खुर्ची टाकून हितंच बसले होते. मी म्हटलं, आत जा, धूल उडते. नाय गेले. सगला बुरूज पडेपर्यंत बघितला. मग मला काय म्हनाले सांगू? जावयाचं तवाच ऐकलं असतंस, तर पावना तरी आत आला असता."

बाबांनी हात बाहेर काढला. हसतायत की काय ते मला आधी कळलं नाही. मग मामापण हसायला लागला. बाबांनी रुमालाने हात पुसता पुसता डोळेही पुसले.

गोदू मामीने चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बाबांना वाढताना ती एवढंच म्हणाली, "तिखट जास्त झालंय, आज येनार ते म्हाईत नव्हतं." आईने एकदाही विषय काढला नाही. ती आपली चिंबोरीची नांगी फोडत बसली होती.

जेवणानंतर मामा बाबांना परसात घेऊन गेला. तिथे चिंचेखाली बुरुजाचे सगळे दगड नीट रचून ठेवले होते. पाडताना त्याने प्रत्येकावर चुन्याने आकडा घातला होता. कोणता कुठला ते पुढे कळावं म्हणून. पुढे म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. सात-आठ पावसाळ्यांत आकडे धुऊन गेले होते.

बाबा त्या राशीभोवती फिरले. एक दगड उचलायला गेले तर आई पडवीतून ओरडली. तेव्हा मग हातानेच मोजत राहिले, कुठला कोपऱ्याचा, कुठला वळणाचा.

"थोडा सरकवून बांधला तर?" ते म्हणाले. "रस्ता मोकला राहील एवडा आत. तिथं तुझीच जागा हाय ना?"

"हाय. पन आकडे कुठं हायेत आता?"

"गोलाईवरनं कलंल. मोठे खाली, हे तर नक्की."

पंचायतीला विचारायला मामाला तीन आठवडे लागले. गावातल्या लोकांनी आधी चेष्टा केली, मग कोणी ना कोणी संध्याकाळी हात लावायला यायला लागलं. बाबा आता शनिवारीच कोटखारला जातात, मी त्यांना रविवारी घ्यायला जाते. आमचे किल्ले बंद झालेत. माणिकगड अजून राहिलाय, त्याची आठवण केली की बाबा आणि मामा दोघेही म्हणतात, बघू. अर्धा वेळ त्यांचा भांडण्यात जातो. एखादा दगड बसवायचा, मग मामा म्हणणार हा इथला नव्हेच, मग तो काढायचा. आई आणि मामी पडवीत वाल सोलत त्यांचं भांडण ऐकतात.

मेअखेरपर्यंत पाच थर झाले. बुरूज माझ्या कमरेपर्यंतही आलेला नाही, आणि मामाच्या मते तिसरा थर चुकलाय. पण गावातली म्हातारी माणसं आत्ताच संध्याकाळी त्यावर येऊन बसायला लागली आहेत. बाबा त्यांना सांगतात, अजून चुना सुकला नाय, दोन दिवस थांबा. ती जरा सरकतात, बाबांनाही जागा करून देतात, आणि बसूनच राहतात.